जाळ्यांवर फवारे कशाला?

महोदय,

पाऊस सरत आला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पायवाटांच्या कडेला जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी दिसू लागतात. उन्हात धागे सोनेरी चमकतात. मधोमध काळी-पिवळी मादी आणि नीट निरखलं तर तिच्या आसपास तांबूस, चिमुकला नर. मॅक्रो लेन्सने अगदी जवळून फोटो काढणारे तिथे थबकणारच, मीही थबकतो. पण दवबिंदू हवेत म्हणून जाळ्यावर स्प्रेने पाणी मारणं, धागे उठून दिसावेत म्हणून कॉर्नफ्लोअर (मक्याचं पीठ) उधळणं थांबलंच पाहिजे. जाळ्याच्या गोल धाग्यांवर चिकट थेंब असतात. त्यांवर भुकटी बसली की किडा अडकायचा कसा? बागेतले बरेच कोळी रोज नवं जाळं विणतात. ही कोळीण मात्र जुन्याचीच डागडुजी करत राहते.

दव हवं असेल तर सकाळी लवकर यावं. कॅमेरा जाळ्याला समांतर धरला की सगळे धागे फोकसमध्ये येतात, आणि तिरपं ऊन व मागे सावली असली की बारीकसा धागाही लखलखतो. छायाचित्र स्पर्धांच्या आयोजकांनी फवारलेल्या जाळ्यांचे फोटो घेऊ नयेत, नियमांतच तसं छापावं.

– एक वाचक, बोरिवली