मिरची कुठली, हे भिंतीवर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोरियन खाण्यावरचा लेख वाचला. तो पाकिटातल्या तिखट नूडल्सपाशीच थांबला, म्हणून हे पत्र. माझी मुलगी आणि जावई दक्षिण कोरियात सुवॉन शहरात नोकरीला आहेत. त्यांच्याकडे मुक्कामाला होतो तेव्हा यंगथाँग भागातल्या त्यांच्या घराजवळच्या एका साध्या खानावळीत आम्ही बऱ्याचदा जेवलो. सांगलीच्या मार्केट यार्डात मिरची-हळदीच्या व्यापारात माझी हयात गेली. त्यामुळे मला तिथली सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ताटात नव्हती, भिंतीवर होती.

गल्ल्याशेजारी एक तक्ता लावलेला असतो. मुलीने तो वाचून दाखवला. तांदूळ: देशी. किमची (कोबीचे आंबवलेले तिखट लोणचे): कोबी देशी, मिरची पूड चीनची. टोफूचे (सोयाबीनच्या पनीरचे) सोयाबीन: परदेशी. बांगडा: नॉर्वे. एकाच किमचीतला कोबी वेगळा आणि मिरची वेगळी सांगितलेली! मी उठून तक्त्यासमोर उभाच राहिलो. एका ओळीवर नवी पट्टी चिकटवली होती, म्हणजे माल बदलला की तक्ताही बदलतो.

खानावळ नवरा-बायको चालवतात. टेबलाच्या कडेला खण असतो, त्यात लांब दांड्याचे चमचे आणि स्टीलच्या काड्या. पाणी मागावे लागत नाही. आपण एक पदार्थ सांगायचा, की त्याच्या आधीच लहान लहान बशा येतात: मोड आलेले सोयाबीन, तिळाच्या तेलात घोळलेला पालक, गोडसर कमळकाकडी आणि किमची. याचे वेगळे पैसे नाहीत. संपले की पुन्हा मिळते. भात झाकणाच्या स्टीलच्या वाटीत, हात भाजेल इतका गरम. मी भाजलेला बांगडा घेत असे. नॉर्वेचा होता, चांगला तेलकट होता, आणि नॉर्वेचा म्हणूनच विकला जात होता. त्यांची भरड मिरची पूड बिया बऱ्याचशा काढून केलेली असते. रंगाला आपल्या ब्याडगीची आठवण यावी अशी, तिखटाला बेताची. दुपारी बारा वाजता जवळच्या कचेऱ्यांतली माणसे येत आणि जागा मिळत नसे. मिरची चीनची आहे हे वाचून कोणी उठून गेल्याचे मी पाहिले नाही.

माझी पत्नी शाकाहारी. तिच्यासाठी मात्र हा तक्ता अपुराच पडला. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, आणि सोयाबीनच्या आंबवलेल्या गोळ्याचे साधे दिसणारे सारही सुक्या माशांच्या पाण्यात उकळलेले असते. तिथे जाणाऱ्या आपल्या शाकाहारी मंडळींनी हे आधी विचारून घ्यावे.

हा तक्ता मालकाच्या मर्जीवर नाही. तिथे उगम लिहिण्याचा कायदा आहे. तांदूळ, किमचीतला कोबी आणि मिरची पूड, टोफूचे सोयाबीन, मांस आणि ठरावीक मासे कुठून आले ते उपाहारगृहाने लिहायचेच. खोटे लिहिले तर सात वर्षांपर्यंत कैद किंवा दहा कोटी वॉनपर्यंत दंड.

आता आपल्याकडे पाहा. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, कोकणच्या हापूसलाही त्याच वर्षी. शेतकऱ्यांनी आणि संस्थांनी त्यासाठी वर्षानुवर्षे कागद जमवले. पण उन्हाळ्यात हॉटेलात आमरस-पुरी मागवली, तर तो आंबा देवगडचा की कर्नाटकचा, हे कुठे लिहिलेले असते? दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर कॅलरी लिहायची सक्ती झाली. मिरची कुठली, याची एक ओळही नाही. कर्नाटकचा आंबा वाईट असतो असे मी मुळीच म्हणत नाही. तो कर्नाटकचा म्हणून विकावा. स्वस्त माल स्वतःच्या नावाने विकला गेला, तरच महाग मालाला त्याचा भाव मिळतो. व्यापारात मी हेच पाहिले: भेसळीच्या पुडीने गिऱ्हाईक जितके फसते, त्याहून अधिक चोख माल पिकवणारा बुडतो.

लहान हॉटेलवाल्यांना हा जाच होईल, असा आक्षेप येईल. सुवॉनच्या त्या दोघांनी एक छापील कागद आणि चिकटपट्टी यांवर भागवले आहे.

अन्न व औषध प्रशासनाने सुरुवातीला चारच वस्तू घ्याव्यात: तांदूळ, मिरची, हळद आणि आंबा. सांगली-कोल्हापूरच्या हॉटेल संघटनांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता स्वतःहून तक्ते लावले, तर फारच उत्तम. तांबड्या रश्श्याची ख्याती सांगणाऱ्यांना त्यातली मिरची कुठली, हे सांगायला अडचण नसावी. आपल्या वार्ताहरांनी हा प्रश्न दोन्हीकडे लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मिरची व्यापारी, सांगली