साहेब, रुग्ण क्रमांक ९ चे आकडे कुठे आहेत?

आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. माझ्या सहा अर्जांना मिळालेलं हे पहिलं उत्तर, त्याबद्दल आभारी आहे. पत्र चार ओळींचं आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मेंदूतील दाब कवटीला छेद न देता मोजण्याची चाचणी 'यशस्वीरीत्या पूर्ण झाली असून यंत्रसामग्री भांडारात जमा करण्यात आली आहे', असं त्यात म्हटलंय. ते वाचून मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ नुसती हसत राहिले.

चाचणीत ६० रुग्ण घ्यायचे होते. तसं संमतिपत्रावर छापलेलं होतं आणि त्यावर सही माझी आहे. माझा धाकटा भाऊ त्यातला नववा. त्याच्यानंतर दहावा आलाच नाही, कारण चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली. साठातले नऊ झाले की काम 'पूर्ण', हे गणित मला कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं.

अपघाताच्या रात्री भाऊ आयसीयूत पोचला तेव्हा सव्वादहा वाजले होते. सीटी स्कॅनमध्ये मेंदूला मार आणि थोडा रक्तस्राव दिसत होता. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. कवटी म्हणजे बंद डबा. आत मेंदू, रक्त आणि पाणी. मेंदू सुजला की आधी पाणी जागा सोडतं, मग रक्त, आणि सोडायला जागाच उरली नाही की दाब एकदम चढतो. (बंद डब्याची ही गोष्ट मन्रो नावाच्या स्कॉटिश वैद्याने १७८३ मध्येच सांगून ठेवलीय, हे मी नंतर वाचलं. भावाच्या उशाशी बसून मी जेवढं वाचलं तेवढं परीक्षेसाठीही वाचलं नव्हतं.) मोठ्या माणसात हा दाब पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरइतका असतो. मेंदूच्या दुखापतींवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे तो २२ च्या वर गेला की उतरवायला हवा.

"मग याचा किती आहे?" मी विचारलं.

"ताई, तेच तर कळत नाहीये."

मोजायचा तर कवटीला भोक पाडून आत नळी सरकवावी लागते. स्वीडनच्या लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये या पद्धतीवरचं काम प्रसिद्ध केलं आणि आजही सगळ्यात खात्रीची तीच मानतात. पण भावाचं रक्त गोठत नव्हतं, प्लेटलेट घसरल्या होत्या. भोक पाडायला जावं तर आतच रक्त सांडायची भीती. म्हणजे ज्या रुग्णाचं नाव पुढे करून तुम्ही चाचणीची फीत कापलीत, नेमका तोच रुग्ण समोर पडला होता. यंत्रही होतं. खाटेपासून दहा पावलांवर, बारा असतील, काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली समन्वयकांकडे आणि समन्वयक सकाळी ९ ते संध्याकाळी ५.

मेंदूतला दाब कार्यालयीन वेळेतच वाढावा असं परिपत्रक आपण काढलं असेल, तर ते माझ्या भावापर्यंत पोचलं नव्हतं.

(वर 'आपण' लिहिता लिहिता मध्येच 'तुम्ही' झालं, हे माझ्या लक्षात आलंय. आता तसंच राहू द्या.)

त्या डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. ते म्हणाले, कुलूप उघडं असतं तरी त्या आकड्यावर मी उपचार ठरवू शकलो नसतो, कारण त्याची पडताळणीच पूर्ण झालेली नाही. खरं आहे त्यांचं. पडताळणी नाही म्हणून आकडा वापरायचा नाही आणि पडताळणी तर तुम्ही नवव्या रुग्णावर सोडून दिलीत. मग त्यांनी अंदाजाने मॅनिटॉल हे मेंदूतला दाब उतरवायचं औषध दिलं, डोकं उंच ठेवलं. सिस्टर तासातासाने टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघत होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी डावी बाहुली फाकली. ही फार उशिराची खूण असते, साहेब. तोवर मेंदू खाली दाबला गेलेला असतो. रक्त आणि प्लेटलेट चढवत पहाटे ऑपरेशन झालं, कवटीचा तुकडा काढला, नळी घातली. नळीवर आलेला पहिला आकडा ३४.

भाऊ वाचला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. आता त्याच्या उजव्या हातात चिमटा धरत नाही. पाणी हवं असलं की 'दार' म्हणतो. मला आईच्या नावाने हाक मारतो आणि मी ओ देते.

नळी असल्यामुळे दुसऱ्या दिवशी तो चाचणीत बसण्याजोगा झाला. मी सही केली ती चिडून नव्हे, मनापासून. निदान पुढच्या माणसाला तरी उपयोग होईल असं वाटलं. बेशुद्ध माणसाच्या वतीने सही करणं काय असतं ते तुम्हाला ठाऊक नसावं, ठाऊक व्हायची वेळही येऊ नये. मिटल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब ठेवायचे, बुबुळावर भार येऊ न देता. डोळ्याच्या नसेभोवतीचं आवरण मेंदूभोवतीच्या पाण्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे आत दाब वाढला की तेही फुगतं. डोळ्याच्या गोळ्यामागे ३ मिलिमीटरवर त्याची रुंदी मोजायची. नंतर कानशिलावर डॉपलर लावून रक्ताचा वेग बघायचा. त्याच क्षणी नळीवर किती दिसतंय ते शेजारच्या रकान्यात लिहायचं. दोन दिवस मी ते रकाने भरताना पाहिले.

हे सोपं नाही, हे मलाही कळतं. आवरण ५ मिलिमीटरला धोक्याचं मानायचं, साडेपाचला की ६ ला, यावर जगभर वाद आहेत. अर्ध्या मिलिमीटरवर माणसाचं डोकं उघडायचं की नाही हे ठरणार असेल तर वाद हवाच. भाऊ धडधाकट असता तर त्याने चटकन सांगितलं असतं: दोन घड्याळं सारख्याच वेगाने चालतात म्हणजे दोन्ही बरोबर वेळ दाखवतात असं नाही, एक दहा मिनिटं पुढे असू शकतं. चाचणी करायची ती एवढ्यासाठीच. २०२२ मध्ये अनेक देशांतल्या २६२ रुग्णांवर डॉपलर तपासला गेला, तोही नेमका आकडा काढायला नव्हे. दाब वाढलेला नाही एवढं खात्रीने सांगता येतं का, हे बघायला. एवढंच जरी रात्री अकराला कळलं असतं! कुणाला तातडीने हलवायचं आणि कुणाला सकाळपर्यंत थांबवता येईल, हे तरी टॉर्चवर सोडावं लागलं नसतं.

तुमच्या खात्यातल्या एका अधिकाऱ्यांनी मला फोनवर ऐकवलं, "बाई, दाब मोजून फायदा होतो हेच सिद्ध झालेलं नाही, बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ रुग्णांवर बघितलंय." बघितलंय, २०१२ साली. पण तिथे एका गटाला नळी होती, तर दुसऱ्या गटाला पुन्हा पुन्हा स्कॅन, सतत तपासणी आणि ठरवून दिलेले उपचार होते. दोन्हीकडे दाबावरच इलाज चालू होता. मोजू नका, टॉर्च मारा आणि वाट बघा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. अर्धवट वाचून अंगावर फेकायला संशोधन बरं आठवतं.

ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ सेर्जिओ मास्करेन्हास यांच्या मेंदूत म्हातारपणी पाणी साठलं. इलाजासाठी डोक्याला भोक पाडावं लागलं आणि याशिवाय दुसरा मार्ग का नाही, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. दाबाबरोबर कवटीही अगदी सूक्ष्म फुगते हे दाखवून त्यांनी डोक्याला बाहेरून लावायचा सेन्सर घडवला. त्यांच्या डोक्याला भोक पडलं, त्यातून यंत्र निघालं. माझ्या भावाच्या डोक्याला पडलं, त्यातून चार ओळींचं पत्र निघालं.

दीड वर्षातली वर्तमानपत्रं काढून मी तुमच्या कापलेल्या फिती मोजल्या. बारा. एकच फीत दोन बातम्यांत आली असेल तर अकरा. त्यातल्या एकीचाही निकाल मला सापडला नाही. आपल्याकडे सुरुवात झाली की बातमी होते, संपलं की भांडार, मधल्या काळात बदली. डॉक्टर बदलतात, सचिव बदलतात, उद्या तुम्हीही बदलाल. रुग्ण तेवढे बदलून मागता येत नाहीत. आणि 'यशस्वी' म्हणजे काय हो? यंत्र बरोबर निघालं की चूक? चूक निघालं असेल तर तेही सांगा! माणसांवरच्या संशोधनाचे निकाल नकारात्मक किंवा अनिर्णित असले तरी जाहीर करायलाच हवेत, असं हेलसिंकी जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलंय. संमतिपत्राच्या तळाशी त्याच जाहीरनाम्याचं नाव होतं. तिथेच 'निकाल नातेवाइकांना कळवण्यात येईल' असंही होतं. ती ओळ छापणाऱ्याला माहीत असणार, ती कुणी पाळणार नाही.

मागणं फार नाही. उरलेले ५१ रुग्ण घ्या, रात्रीचेही घ्या, किल्ली ड्युटीवरच्या माणसाकडे ठेवा आणि काय निघालं ते छापा. ते जमत नसेल तर निदान 'पूर्ण' हा शब्द मागे घ्या. आणि क्रमांक ९ च्या दोन दिवसांच्या नोंदी मला पाठवा. निळ्या पुठ्ठ्याची वही होती, मधली पानं ओली होऊन फुगली होती. यंत्रासोबत तीही भांडारातच गेली असेल.

आपली,
रुग्ण क्रमांक ९ ची थोरली बहीण

ता. क. : या पत्रावर 'योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शिक्का मारून ते मलाच परत पाठवू नये. तिसऱ्या अर्जाच्या वेळी तसं झालं होतं.