मणक्याला हात लावण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या भागातल्या बसस्टँडवर, बाजाराच्या चौकात फलक लागतात: 'कमरेचा गॅप भरून मिळेल', 'सरकलेली गादी एका बैठकीत बसवू'. अलीकडे त्यात 'कायरोप्रॅक्टिक', म्हणजे हाताने झटका देऊन मणक्यांवर उपचार करण्याची पद्धत, हा नवा शब्द आला आहे. पाठ, मान कडकड वाजवण्याचे व्हिडिओ मोबाइलवर गावोगाव पोचले आहेत आणि शिबिरांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतही छापून येतात. वाचकांना काही गोष्टी नेमक्या कळाव्यात, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण कृपया पूर्ण छापावे.

आधी त्या आवाजाबद्दल. कडकन वाजले म्हणजे मणका जागेवर बसला, असा समज आहे. मणका मुळात जागेवरून गेलेलाच नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला की तिथे वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटे मोडताना येतो तोच. म्हणून एकदा वाजलेला सांधा लगेच पुन्हा वाजत नाही. साधारण वीस मिनिटे जावी लागतात. गादीचेही तसेच. दोन मणक्यांमधली गादी वरच्या आणि खालच्या हाडाला घट्ट जोडलेली असते, ती साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. तिच्या बाहेरच्या कड्याला चीर पडून आतला मऊ भाग बाहेर येतो आणि नसेला लागतो. तो हाताने दाबून आत ढकलता येत नाही. पुष्कळ रुग्णांमध्ये शरीरच तो भाग काही महिन्यांत शोषून घेते. आणि एक्स-रेमध्ये दिसणारा 'गॅप' म्हणजे वयानुसार झिजलेली गादी. ती भरून देणारे कोणतेही यंत्र नाही.

याचा अर्थ हाताने करायचे उपचार खोटे असतात असा नाही. साध्या कंबरदुखीत योग्य माणसाने केलेल्या हस्तोपचाराने वेदना कमी होते, हालचाल मोकळी होते. फायदा माफक असतो, साधारण व्यायामाने होतो तेवढाच, पण होतो. फिजिओथेरपीत या हालचालींच्या पायऱ्या शिकवतात. पहिल्या चार पायऱ्यांत सांधा हळूहळू, लयीत हलवतात आणि रुग्णाला नको वाटले तर तो मध्येच थांबवू शकतो. पाचवी पायरी म्हणजे झटका: अंतर अगदी थोडे, वेग जास्त. तो एकदा दिला की मागे घेता येत नाही. व्हिडिओत दिसते ती नेमकी हीच पाचवी पायरी. तिच्या आधी जी अर्ध्या तासाची तपासणी व्हायला हवी, ती व्हिडिओत नसते.

शिक्षणाचा मोठा भाग त्या अर्ध्या तासासाठीच असतो. आपल्या राज्यात फिजिओथेरपीची पदवी बहुतेकांना नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. अलीकडच्या वर्षांत बाहेर पडलेल्या तुकड्यांनी चार वर्षे अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप केली आहे. त्यात शवविच्छेदनासह शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे यंत्रशास्त्र, विद्युत उपचार, अस्थिरोग, मेंदू-मज्जासंस्था, हृदय-फुप्फुस आणि सामुदायिक आरोग्य असे विषय येतात. पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आहे. कायरोप्रॅक्टिक ही पद्धत वेगळी. ती १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डी. डी. पामर यांनी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास आणि त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली रुग्णांवर काम, असे त्यात आहे. म्हणजे खरा कायरोप्रॅक्टरही एक्स-रे वाचायला आणि कुठे हात लावायचा नाही हे ओळखायला काही वर्षे शिकतो. आपल्याकडे मात्र या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा वा नोंदणी परिषद नाही. त्यामुळे शनिवार-रविवारच्या कार्यशाळेला जाऊन आलेला माणूसही सोमवारी तीच पाटी लावू शकतो, आणि पेशंटला त्यातला फरक कळायला मार्ग नसतो.

हा फरक विदर्भात जास्त महाग पडतो. पाठदुखीमागे साधी उसण नसून दुसरेच काही असण्याची कारणे आपल्या मातीत, पाण्यात आणि रक्तात आहेत.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे बघा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार घराघरांत माहीत आहे. विशी-पंचविशीतला तरुण 'कंबर धरली, मांडीत चमक येते' म्हणून येतो. त्याला उताणे झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. तेवढ्याने जांघेत कळ आली, हालचाल अडली, तर दुखणे कंबरेचे नसून खुब्याचे असू शकते. विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी रक्तवाहिनीत अडकतात, मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळत नाही आणि हाड आतून मरू लागते. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये कळते. अशा खुब्यावर झटका दिला, वजन टाकून पाय ओढला, तर गोळा खचायला मदतच होते. लवकर कळले तर त्या बाजूचा भार कमी करून, काठी विरुद्ध बाजूच्या हातात देऊन, स्नायूंची ताकद राखता येते. आणखी एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते, आमच्या भागात ती रोज लागते: सिकलसेलच्या रुग्णाला बर्फाचा शेक द्यायचा नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशी अडकून वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून तरुण पेशंटला पहिला प्रश्न असावा, 'सिकलसेलची तपासणी झाली काय? घरात कोणाला आहे काय?' प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

दुसरा आजार पाण्यातला. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वरचे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले की हाडे जड आणि ठिसूळ होतात, मणके बांधणारे स्नायुबंध चुन्यासारखे कडक होतात. मान वळत नाही, पाठ फळीसारखी ताठ होते. हे ओळखायला तीन साध्या चाचण्या आहेत: गुडघे न वाकवता जमिनीवरचे नाणे उचलणे, हनुवटी छातीला टेकवणे, दोन्ही हात डोक्यामागे नेणे. तिन्ही जमत नसतील आणि गावातल्या आणखी चार जणांची तीच गत असेल, तर दोष पाण्याचा समजावा. अशी ताठ मान 'मोकळी करायची' म्हणून जोराने वळवली, तर आधीच अरुंद झालेल्या नळीत मज्जारज्जू चेपला जातो. इथे उपचाराची सुरुवात पाणी बदलण्यापासून होते. व्यायाम हळुवार आणि दुखू लागण्याआधी थांबणारा.

मणक्याचा क्षय सगळ्यात फसवा. दोन-चार महिन्यांपासून पाठ दुखते, रात्री जास्त दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते. खोकला नसला म्हणून क्षय नाही असे होत नाही. बोटांनी मणक्यांवर हलकेच ठोकत गेले की एका ठिकाणी माणूस दचकतो. त्याला खालची वस्तू उचलायला सांगा. तो कंबरेत वाकत नाही, पाठ ताठ ठेवून उकिडवा बसून उचलतो. या आजारात मणक्याचा पुढचा भाग पोखरलेला असतो. त्यावर पाठीमागून दाब दिला की तो बसतो, पू आणि हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर येतो आणि चालत आलेल्या माणसाचे दोन्ही पाय जाऊ शकतात. क्षयाची औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि वेळेत सुरू केली तर बहुतेक रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात.

कुष्ठरोगाबद्दल तर याच भूमीत वेगळे सांगायला नको. तरीही पाऊल लुळे पडलेला पेशंट 'कंबरेची नस दबली' म्हणून महिनोन्महिने पाठीला मालिश घेत राहतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीखाली बोट फिरवले तर दोरीसारखी जाड नस हाताला लागते. अंगावर बधिर चट्टा कुठे आहे काय, हे कपडे बाजूला करून, उजेडात बघावे लागते. बधिर कातडीला शेक देणे म्हणजे भाजणे. म्हणूनच नियम आहे की शेक देण्याआधी एका नळीत कोमट आणि दुसरीत थंड पाणी घेऊन डोळे मिटलेल्या रुग्णाला फरक विचारायचा. फरक सांगता आला नाही तर शेक नाही. सांगता आला तरी गरम पिशवी टॉवेलच्या सहा ते आठ घड्यांत, पाच मिनिटांनी कातडी उघडून बघायची आणि एकूण पंधरा-वीस मिनिटांत काढायची.

वयस्क बायांचा प्रश्न वेगळा. पाळी गेल्यावर हाड विरळ होतेच. त्यात गुडघेदुखीसाठी गावातल्या 'डॉक्टर'कडून मिळणारी पुडीतली गोळी पुष्कळदा स्टेरॉइडची असते. गोळी घेतली की दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून ती वर्षानुवर्षे चालते आणि हाड आणखी पोकळ होते. उंची कमी झालेल्या, पाठीत पोक आलेल्या बाईला पालथे झोपवून पाठीवर झटका देणे म्हणजे मणका मोडण्याला आमंत्रण आहे.

मानेबद्दल एवढेच सांगतो. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. मान एकदम पिळली तर त्यांच्या आतल्या थराला चीर पडून गुठळी होऊ शकते आणि त्यातून लकवा येतो. हे क्वचित घडते, पण तरण्याताठ्या माणसालाही घडू शकते. कटिंगच्या दुकानात दाढीनंतर मान मोडून घेण्याची सवय सोडावी. मान वळवल्यावर चक्कर, दोन दोन दिसणे, बोलणे अडखळणे, गिळायला त्रास किंवा अचानक कधी नव्हे अशी मान आणि डोके दुखणे, यातले काहीही झाले तर थेट मोठ्या दवाखान्यात.

आता साधी उसण. कंबरदुखीचे बहुसंख्य रुग्ण याच प्रकारातले असतात आणि त्यांना एमआरआयही लागत नाही. आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. त्यानंतर बरे वाटते, कारण उसण बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपणहून उतरते. तीच गत झटक्याची. पण तपासणी याही पेशंटची व्हावी. टाचांवर आणि चवड्यांवर चार पावले चालवून बघायचे. पायाचा अंगठा वर उचलायला लावून त्याला विरोध करून ताकद बघायची. गुडघ्याशी आणि घोट्याशी हातोडीने हलके ठोकून पाय आपोआप उडतो काय, ते बघायचे. उताणे झोपवून सरळ पाय हळूहळू वर न्यायचा: तीस ते सत्तर अंशांत गुडघ्याखाली कळ गेली तर नस लागते आहे. आणि एक प्रश्न संकोच न करता विचारायचा: लघवी अडते काय, खाली बसण्याच्या जागी बधिर वाटते काय? उत्तर 'हो' असेल तर उपचार थांबवून त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवायचे. तिथे तास मोजले जातात.

हे सगळे साफ असेल तर दोन दिवसांपेक्षा जास्त खाटेवर पडू नये. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे सपाट जागेवर चालावे. उताणे, गुडघे वाकवून झोपून पोट आत घेत कंबर खाटेला टेकवावी, पाच आकडे मोजून सोडावी. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुखणे पायात खाली उतरू लागले तर व्यायाम थांबवून दाखवावे. कामावर लवकर जावे, पण काम बदलून. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या आसपास ओझे होते. तो दहा लिटरच भरावा आणि जमिनीवरून न उचलता बांधावर किंवा बैलगाडीच्या साटीवर ठेवून पाठीला घ्यावा. वेचणीची ओटी चार-पाच किलो झाली की रिकामी करावी. पुढे लटकणारे तेवढेच वजन कंबरेला कितीतरी जड पडते. भंडारा-गोंदियाकडे रोवणीला दर अर्ध्या तासाने उभे राहून, हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाकावे. मुकादमाने तेवढी दोन मिनिटे द्यावीत.

शेवटी प्रशासनाकडे आणि आपल्याकडे मागणे. वृद्धांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी अशी तरतूद आहे. पण गावचा माणूस एका तपासणीसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याला जात नाही, म्हणून तो चौकातल्या फलकाकडे वळतो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात निदान आठवडी बाजाराच्या दिवशी तरी फिजिओथेरपिस्ट बसवावा. त्या दिवशी लोक एसटीने, काळीपिवळीने तालुक्याला येतातच. त्याला एक टेबल, एक हातोडी, दोन काचनळ्या आणि पडदा लागतो. यंत्रे नंतर आली तरी चालतील. आणि आपल्याला विनंती अशी: पाठदुखीच्या शिबिराची जाहिरात किंवा बातमी छापताना उपचार करणाऱ्याची पदवी आणि फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि नावाशेजारी छापावा. वाचकांनीही टेबलावर झोपण्याआधी तोच क्रमांक विचारावा.

आपले,
ग्रामीण भागात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट,
यवतमाळ-चंद्रपूर