शाकाहारी डिशमध्ये ऑयस्टर सॉस : लेखी उत्तर हवं

प्रति,
रेस्टॉरंटचे मालक

काल तुमच्या मॅनेजरने माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

शनिवारी रात्री आईच्या सत्तरीनिमित्त आम्ही पाच जण तुमच्याकडे जेवायला आलो. तुमच्याकडे गर्दी असते हे माहीत होतं. सव्वा तास दारात उभे राहिलो, त्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. पण आई जन्मापासून शाकाहारी आहे आणि ऑर्डर देताना मी वेटरला दोनदा विचारलं होतं, 'यात मासे, मांस, तसला कुठला सॉस नाही ना?' त्याने पलीकडच्या टेबलाकडे बघतच मान हलवली. आम्ही 'बुद्धाज डिलाइट' ही भाज्यांची चिनी डिश मागवली. अर्धी प्लेट संपल्यावर मी तिच्यातला एक मशरूम खाल्ला. त्यावरचा तो काळपट, चकचकीत, गोडसर थर जिभेला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. आत विचारायला लावलं, तर उत्तर आलं, 'हो, ऑयस्टर सॉस आहे.' ऑयस्टर म्हणजे कालव, शिंपल्यातला जीव. आईने चमचा खाली ठेवला. त्यानंतर तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

आता कालचा फोन. तुमचे मॅनेजर म्हणाले, 'सर, त्यात मांस नाही, सॉस आहे.'
मी विचारलं, 'कशाचा सॉस?'
'ऑयस्टर.'
'ऑयस्टर म्हणजे काय?'
जरा वेळ नुसता ऑर्डरी ओरडल्याचा आवाज. मग म्हणाले, 'पण पीस तर नव्हते ना?' वर, 'शनिवारी एवढे लोक जेवून गेले, कोणीच काही बोललं नाही. पुढच्या वेळी आईंना डेझर्ट आमच्यातर्फे.' आणि फोन बंद.

पीस नव्हते! सत्तर वर्षं पाळलेली गोष्ट तुम्ही तिच्या वाढदिवशी मोडलीत आणि भरपाई म्हणून डेझर्ट देताय?

हा सॉस कालवांच्या अर्कापासून करतात, हे तुम्हाला मी शिकवायला नको. मशरूमचा शाकाहारी सॉस मिळतो, हेही तुम्हाला ठाऊक असणार. आणि ही डिश मुळात चीनमधल्या बौद्ध भिक्षूंची. त्यांच्या मठांत मांस-मासे वर्ज्य, म्हणून तर मी आईसाठी नेमकी तीच निवडली. शिवाय दोनदा विचारून. कालवांची ॲलर्जी असलेला कोणी त्या खुर्चीत असता, तर तुम्ही काय केलं असतं?

आठ वर्षं घरातला प्रत्येक वाढदिवस आम्ही तुमच्याकडे केला. पाहुण्यांनाही कौतुकाने आणलं. आता मन उडालं.

मला पैसे परत नकोत, डेझर्ट तर नकोच. आईच्या नावाने लेखी माफी हवी आणि मेन्यूत त्या डिशखाली ऑयस्टर सॉस छापलेला हवा. सात दिवसांत दोन्ही झालं नाही, तर बिल आणि त्या प्लेटचा फोटो घेऊन मी अन्न सुरक्षा विभागात जाईन. दोन्ही जपून ठेवलं आहे.

एक ग्राहक