तापाची गोळी देऊन शिबिराला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपत आल्या की आपल्या अंकात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती दिसू लागतात. घोडेस्वारी, रायफल शूटिंग, झिपलाइन, 'घरगुती सात्त्विक भोजन'. अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' शिबिरात आजार पसरतात ते निम्मे या ओळीमुळे, असं माझं मत आहे.

मी निवृत्त शिक्षिका. गेली काही वर्षं मुळशी तालुक्यातल्या एका निवासी शिबिरात मुलांवर लक्ष ठेवायला जाते. गेल्या मे महिन्यात बसमधून उतरलेला एक मुलगा मलूल दिसला. गाडी लागली असेल म्हणून लिंबू-मीठ दिलं. दुपारी अंगाला हात लावला तर चटका बसला, ताप १०१. शर्ट वर केला तर पोटावर पाण्याने भरलेले चार-पाच फोड. 'बाई, डास चावलेत,' असं तोच मला समजावत होता. कांजिण्या होत्या.

आईला फोन केला. ती रडवेली होऊन म्हणाली, 'सकाळी गोळी दिली होती, ताप उतरला होता. पैसे भरलेले, आणि तो ऐकेचना.' तापाची गोळी चार-सहा तास पुरते, म्हणजे पुण्याहून मुळशीला पोचून जेवण होईपर्यंत. मी तिला बोल लावला नाही. सात हजार रुपये बुडणार असतील आणि पोरगं महिनाभर बॅग भरून बसलेलं असेल, तर मीही कदाचित हेच केलं असतं.

आजारी मुलाला वेगळं ठेवायला खोली नव्हती. ती रात्र त्याने आणि मी कोठीघरात तांदळाच्या पोत्यांशेजारी काढली. दुसऱ्या दिवशी वडील येऊन घेऊन गेले. बाकीच्या पालकांना कळवू या, असं मी म्हटलं. आयोजकांचं उत्तर : 'कशाला उगाच घबराट?' सात दिवसांत दुसरं कोणी आजारी पडलं नाही, हेही खरं. पडणार कसं? कांजिण्या संसर्गानंतर १० ते २१ दिवसांनी दिसतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऐन शाळा उघडायच्या तोंडावर, माझ्याकडे एकेक फोन येऊ लागला. नऊ मुलं. एका घरात मुलाची काकू सात महिन्यांची गरोदर होती. गरोदरपणात कांजिण्या जिवावर बेतू शकतात. सुदैवाने तिला लहानपणी येऊन गेल्या होत्या. त्या वेळी कळवलं असतं तर? संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो, निदान सौम्य होतो. ही लस सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे बऱ्याच मुलांना ती दिलेलीच नसते.

शिबिराच्या अर्जात टी-शर्टचं माप विचारतात, पण कोणत्या लसी झाल्या, गेल्या तीन आठवड्यांत घरात, सोसायटीत किंवा वर्गात कांजिण्या, गोवर, गालगुंड कोणाला होते का, हे विचारत नाहीत. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या पसरतात. म्हणजे निघताना नुसतं कपाळाला हात लावून भागत नाही, हा प्रश्न विचारावाच लागतो.

पाण्याबद्दलही थोडं. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली. संशय दूषित पाण्यावर होता, तेव्हा आम्ही पुणेकर पाणी उकळू लागलो. मे येईपर्यंत बरेच जण विसरले. शिबिरात जार आले की निश्चिंत होऊ नये. जारचं पाणी थंड असतं, शुद्ध असेलच असं नाही. टँकरच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून अर्ध्या तासाने ओटी, म्हणजे थेंब टाकून करायची क्लोरीनची चाचणी घ्यावी, तपासायचं पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजावं. ग्रामपंचायतीचा माणूस हे पाच मिनिटांत शिकवतो. आणि ताटांशेजारी सॅनिटायझरची बाटली मांडून हात धुण्याचं काम संपत नाही. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. पोट बिघडलेल्या मुलाला बरं वाटल्यावरही दोन दिवस वाढायला आणि पोहायला पाठवू नये. (वाढायची हौस नेमकी त्यालाच असते!)

यंदा मी आयोजकांना सांगितलं, ती बारीक ओळ बदला, नाहीतर दुसऱ्या बाई शोधा. बरीच घासाघीस झाली. आता आजारपणामुळे मूल आलं नाही तर पाऊण फी परत किंवा पुढच्या तुकडीत जागा, असं पत्रकावर छापलं आहे. परवा पहिली तुकडी निघाली. आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास दोन फोन आले. दोन्हीकडून एकच वाक्य : 'बाई, पोराला कणकण वाटतेय, उद्या पाठवत नाही.'

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे