फोनला एक जागा असू दे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर म्हणालास, "आई, तो कीपॅडवाला फोन देऊन टाकला, नाही जमलं मला," आणि पुढं काही बोललाच नाहीस, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. पेपरात नापास झाल्यासारखा तुझा आवाज पडला होता. म्हणून मुद्दाम कागदावर लिहितेय, व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर वाचता वाचता वरनं आणखी कुणाचा तरी मेसेज आला असता आणि माझं म्हणणं अर्ध्यातच राहिलं असतं.

आधी हे ऐक की तू हरलेला नाहीस. स्मार्टफोन बाजूला ठेवून साधा कीपॅडचा फोन घेतलास, तू एकाच दिवसात सगळं तोडायला गेलास. तुझ्या मेसचे पैसे क्यूआरवर, सबमिशनच्या तारखा वर्गाच्या ग्रुपवर, फी भरायची तर ओटीपी, गावी यायचं तर तिकीट, आणि हातात फोन असा की त्याला कॅमेरासुद्धा नाही. साध्या फोनवरनंही पैसे पाठवता येतात हे मला माहितीय, रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या मार्चमध्ये त्यासाठी यूपीआय १२३पे सुरू केलं, पण मेसच्या काउंटरला मागं वीस पोरं उभी असताना एकेक नंबर दाबत कोण उभं राहणार? आठ दिवस तू रूम पार्टनरला "माझे पण भर, नंतर देतो" असं म्हणत काढलेस आणि तुलाच लाज वाटायला लागली. कुणालाही वाटली असती.

मी हे दुसऱ्या टोकाकडनं केलं. फोन ठेवला, त्याच्याकडची कामं मात्र एकेक करून काढून घेतली. तुला हे कधी सांगितलं नव्हतं कारण सांगायचं म्हटलं तर आधी माझंच काय झालं होतं ते सांगावं लागतं.

मागच्या वर्षीची गोष्ट. दुसरीचा वर्ग, तिसरा तास असेल. किती वाजले बघायला म्हणून मी पर्समधनं फोन काढला. वेळ बघितली का नाही तेही आठवत नाही, कारण ग्रुपवर कसली तरी माहिती मागितलेली होती, ती वाचली, मग खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो, मग त्याच्याखाली एक व्हिडिओ. मान वर केली तर एक पोरगी पाटी घेऊन माझ्या टेबलापाशी उभी. पाटीवर वजाबाकी केलेली, हातच्याची, तिला पहिल्यांदाच जमलेली. किती वेळ उभी होती मला माहीत नाही. तिनं हाक पण मारली नव्हती. नुसती उभी होती, कारण बाई फोनमध्ये असल्या की थांबायचं असतं हे तिला कळून चुकलं होतं. ते माझ्याकडनंच ती शिकली होती ना. बावीस वर्षं मी शिकवतेय ओंकार, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्या दिवशी नीट विचार केल्यावर एक लक्षात आलं. मी रील बघायला म्हणून फोन काढलाच नव्हता. मी वेळ बघायला काढला होता. दिवसभरात मी जितक्या वेळा फोन उचलायची त्यातल्या बहुतेक वेळा कारण साधंच असायचं, किती वाजले, आज तारीख काय, गजर बंद कर, लाइट गेली तर टॉर्च लाव, किराणा काय आणायचाय बघ. कारण एवढंसं, आणि त्या कारणापायी आपण बाजारात जाऊन उभे राहतो. पिशवीभर मीठ आणायला जत्रेत शिरल्यासारखं. मीठ तर विसरतंच.

तर मी आधी फोनकडनं वेळ सांगायचं काम काढून घेतलं. आण्णांचं चावीचं घड्याळ, एचएमटी जनता, कपाटात पडलं होतं, तुला आठवत असेल, डायल पिवळट झालेली आणि त्यावर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं. ते घेऊन स्टँडजवळच्या घड्याळजींकडं गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि मला पण बघायला दिलं. आत ते बारीक चाक इकडून तिकडं, तिकडून इकडं, श्वास घेतल्यासारखं हलत होतं, म्हणजे इतकी वर्षं पडून सुद्धा जरा हलवलं तर चालत होतं. सतरा ज्वेलचं आहे म्हणाले, मशीन एकदम चांगलं आहे, फक्त तेल सुकलंय. चार दिवसांनी धुऊन, तेल घालून, नवा पट्टा लावून दिलं. ती कंपनी सरकारनं २०१६ साली बंद केली, पण घड्याळं चालतायत अजून. आता रोज सकाळी चहा उकळेस्तोवर मी त्याला चावी देते. बोटांना हळूहळू घट्ट लागायला लागते, मग एका ठिकाणी थांबते, तिथं थांबायचं, पुढं जोर लावायचा नाही. आण्णा अगदी असंच करायचे, खिडकीपाशी उभं राहून, कानाला लावून बघायचे. मी पण लावते कानाला.

आणि वर्गात आता मनगटाकडं बघते. वेळ दिसते आणि संपलं. ते घड्याळ मला दुसरं काहीच सांगत नाही.

मग गजर. हे तर तुझं पण दुखणं आहे, रात्री दीड दीड वाजेपर्यंत जागा असतोस ते मला तुझ्या लास्ट सीनवरनं कळतं, बोलत नाही एवढंच. फोन उशापाशी का, तर गजर लावायचाय म्हणून. गजराच्या नावाखाली तो अंथरुणात शिरतो बघ, झोपताना शेवटचा तोच आणि उठताना पहिला तोच. मी पाचचा गजर बंद करायला फोन हातात घ्यायची आणि पावणेसहापर्यंत अंथरुणातच, मग भाकऱ्या घाईत, पप्पांचा डबा घाईत, चिडचिड सगळ्यांवर. बाजारातनं एक साधं टेबलावरचं घड्याळ आणलं, एका सेलवर चालणारं, काटे अंधारात हिरवे चमकतात. पहिल्या दोन रात्री त्याच्या टिकटिकीनं झोप लागेना, तिसऱ्या रात्री ऐकूच यायचं बंद झालं. ते मी बाहेरच्या खोलीत शोकेसवर ठेवते, उशाशी नाही, म्हणजे बंद करायला उठून चालत जावंच लागतं. आणि एकदा उठून चालत गेलं की माणूस जागा होतो.

आता तू म्हणशील, आई, हे तुमच्या पिढीचं झालं, रेडिओ न् घड्याळं. तर तुझ्याच टेबलावर बघ की. तो कॅसिओचा एफएक्स-९९१ कॅल्क्युलेटर. इंटिग्रेशन करतो, मॅट्रिक्स करतो, परीक्षेला नेता येतो, आणि त्याला घेऊन तू कधी तासभर वाया घालवलायस का? फोनमध्ये पण कॅल्क्युलेटर आहेच की, फुकट आहे. तरी तू एम-थ्रीची, म्हणजे तुमच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरची, गणितं सोडवताना फोन घेत नाहीस, आणि एम-थ्री हा तुझा सगळ्यात चांगला गेलेला पेपर होता. मला यातलं फार कळत नाही, पण हे मला उगाच वाटत नाही.

तुझी इच्छाशक्ती कमी पडते असं तू दिवाळीत म्हणाला होतास. मला ते पटलेलं नाही. बोट वर सरकवत राहिलं की खाली नवीन येतच राहतं, पान संपतच नाही, ही रचना २००६ साली अझा रास्किन नावाच्या अमेरिकेतल्या डिझायनरनं केली, आणि पुढं त्यानंच चारचौघांत त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. ज्यानं बनवलं त्याला वाईट वाटलं, मग तू वीस वर्षांचा पोरगा, तुझं रात्री एक वाजता थांबणं होत नाही यात तुझा दोष किती? तिकडं थांबायची जागाच ठेवलेली नाही. रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या मी ऐकते, दहा मिनिटांत संपतात. संपतात, हेच मला त्यातलं सगळ्यात आवडतं. वर्तमानपत्राचं शेवटचं पान येतं, वहीचं पान भरतं, घड्याळ वाजून गप्प होतं. आपलं काम झालं की वस्तू आपल्याला सोडते.

आणि दोष काढायचाच तर आमचा पण काढ. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं तेव्हा तू पाचवीत होतास, डेटा फुकट म्हणून मीच स्वयंपाक होईपर्यंत तुला व्हिडिओ लावून द्यायचे. मग २०२० ला शाळा बंद झाल्या, नववीचा अख्खा अभ्यास फोनवर, आणि माझ्या वर्गातल्या पोरांना सकाळी लिंक पाठवणारी पण मीच. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता हे खरं. पण फोन हातात आम्ही दिला, तो खाली कसा ठेवायचा हे कुणी शिकवलं नाही, कारण आम्हालाच येत नव्हतं. हे मला तुला कधीतरी सांगायचंच होतं.

आपल्या जिल्ह्यातलं मोहित्यांचं वडगाव तुला माहिती असेल, कडेगाव तालुक्यातलं. २०२२ च्या पंधरा ऑगस्टपासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठपर्यंत, पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर बोलायचं. आमच्या स्टाफरूममध्ये त्याच्यावर बरीच चर्चा झाली होती, कुणी म्हणालं चार दिवस टिकेल. मला त्यातलं मोबाइल बंदपेक्षा भोंगा महत्त्वाचा वाटला. एकट्यानं बंद केला की मन त्या फोनच्या भोवतीच फिरतं, आपलं काहीतरी चुकतंय, सगळे तिकडं आहेत. सगळ्यांचाच एकदम बंद झाला की कुणाचं काही चुकत नाही. म्हणून तुला सुचवतेय, रूम पार्टनरला पण विचार. दोघांनी मिळून रात्री दहानंतर फोन ठेवायचा ठरवलं तर जास्त दिवस चालेल. नाही म्हणाला तरी राग धरू नको त्याच्यावर.

आणि ठेवायचा म्हणजे कुठं, हे ठरव. तुला आपल्या जुन्या घरातला लँडलाइन आठवत नसेल, तू फार लहान होतास. हॉलमध्ये कोपऱ्यात तिकाटण्यावर असायचा, आजीनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल विणून टाकलेला, शेजारी नंबरांची डायरी आणि दोरीला बांधलेलं पेन. फोन आला की आपण उठून त्याच्याकडं जायचो. बोलून झालं की ठेवून परत आपल्या कामाला. तो आपल्या मागं मागं स्वयंपाकघरात, संडासात, अंथरुणात येत नव्हता, त्याला घरात एक जागा होती. मी आता या फोनला तशीच जागा केलीय, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, चार्जर तिथंच. घरात आले की तिथं ठेवते, आवाज मोठा करून. रिंग आली की जाते. ग्रुपवरचं काय असेल ते संध्याकाळी सातला तिथंच उभी राहून बघते, खुर्ची घेत नाही. उभं राहिलं की वीस मिनिटांत पाय सांगतात, पुरे.

सगळं सुटलंय असं समजू नको. परीक्षेच्या दिवसांत माहिती भरायची असते तेव्हा फोन पुन्हा हातात चिकटतो, आणि तू उशिरापर्यंत पोचल्याचा मेसेज केला नाहीस की मी फळीपाशी चार फेऱ्या मारते. पण ती पोरगी आता टेबलापाशी येऊन सरळ "बाई बघा" म्हणते आणि माझं लक्ष पाटीवर असतं.

बुधवारी तुझे काका पुण्याला येतायत, त्यांच्याजवळ एक पिशवी देतेय. त्यात माझ्यासारखंच गजराचं घड्याळ आहे. सेल वेगळा कागदात गुंडाळून ठेवलाय, नाहीतर गाडीत वाजत बसेल. मनगटाला कॅसिओचं ते काळं चौकोनी एफ-९१डब्ल्यू घेतलंय, १९८९ पासून जसंच्या तसं विकतायत म्हणे, सेल सात वर्षं जातो, म्हणजे तुझं इंजिनिअरिंग होऊन नोकरीला लागेपर्यंत बघायला नको. आण्णांचं घड्याळ मात्र मी देणार नाही, ते आत्ता माझं आहे, पुढं तुझंच. एक छोटी डायरी आहे खिशात मावणारी, पहिल्या पानावर माझा, पप्पांचा आणि काकांचा नंबर मी लिहून दिलाय, ते तीन तेवढे पाठ कर. बाकी पानांवर सबमिशनच्या तारखा, मेसचा हिशोब, काय सुचेल ते. बॅटरी पण टाकलीय एक, होस्टेलची लाइट जाते म्हणालास ना. कॅमेरा वगैरे नको, फोटो फोननंच काढ, ट्रेकला गेलास तर पाठव पण.

पहिले पंधरा दिवस फक्त दोनच गोष्टी कर, गजर आणि वेळ. मेसचे पैसे, ग्रुप, ओटीपी, सगळं फोनवरच राहू दे, त्याला हात लावू नको. फोन रात्री कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जिथं हात पोचायला खुर्ची लागते तिथं ठेव. तेवढं जमलं तर पुढचं आपण दिवाळीसारखं बसून ठरवू. नाही जमलं तरी सांग, मला कळव, गप्प बसू नको परवासारखा.

चिवडा वरच्या डब्यात आहे आणि लाडू खालच्या, घड्याळ लाडवांच्या बाजूला कापडात गुंडाळलंय, काढताना जपून. रविवारी फोन कर, सातनंतर, तेव्हा मी फळीपाशीच असते.

तुझी,
आई