पावतीवर ‘डेटा बॅकअप’, आणि डी ड्राइव्ह गायब

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : इंदूर सेवा केंद्रात विंडोज नव्याने टाकताना डी ड्राइव्हवरच्या फाइली पुसल्या गेल्याबद्दल

महोदय,

इंदूरच्या तुमच्या केंद्राशी हिंदीतून पुष्कळ बोलून झालं. ‘दिखवाते हैं, मॅडम’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. तुमचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे, तेव्हा आता मराठीतच लिहिते.

मी रामबागेत घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून लॅपटॉप विंडोज ११ साठी तुमच्याकडे दिला. आहे त्यावरच अपग्रेड केलं असतं तरी माझं भागत होतं, फाइली जागच्या जागी राहिल्या असत्या. ‘मशीन स्लो आहे, क्लीन इन्स्टॉलच करा’, म्हणजे जुनं काढून विंडोज नव्यानेच टाका, हा सल्ला केंद्राचा. जॉब शीटवर तुमच्याच माणसाच्या अक्षरात ‘सी + डी बॅकअप’ असं लिहिलेलं आहे. बिलात ‘डेटा बॅकअप’ ही वेगळी ओळ आहे आणि तिचे पैसेही वेगळे घेतले आहेत.

लॅपटॉप परत आला तेव्हा त्यात एकच सी ड्राइव्ह होता. ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स. डी ड्राइव्हचं नावही नाही. अर्थ उघड आहे : इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे सी, डी असे पाडलेले भाग, डिलीट करून एकच केलं. हे चुकून होत नाही. पार्टिशन डिलीट करताना विंडोजचा इन्स्टॉलर आतला डेटा जाईल अशी सूचना देतो, आणि ओके दाबल्याशिवाय पुढे जात नाही. नुसत्या सी ड्राइव्हवर विंडोज टाकलं असतं, तर डी ला हात लावायची गरजच नव्हती.

केंद्राचं म्हणणं, ‘रिकव्हरी करवा लीजिए’. जेल रोडवरच्या जाणकाराला दाखवलं. लॅपटॉपात एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क आहे. कोणत्या जागा मोकळ्या झाल्या हे विंडोज ट्रिम नावाच्या आज्ञेने तिला कळवतं आणि मग ती स्वतःच त्या साफ करून टाकते. जुन्या हार्ड डिस्कवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत थोडंफार तरी हाती लागतं, इथे ती आशा फार कमी. हे तुमच्या तंत्रज्ञाला माहीत नसेल, तर बॅकअपचे पैसे तो कशाचे घेतो?

छापखान्यांकडून काही जुन्या पीडीएफ मिळाल्या, पण त्यांचा उपयोग मर्यादित. माझं बरंचसं काम जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटांतलं. त्या पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा सडा पडतो. म्हणजे स्मरणिका पुन्हा ओळीने ओळ टाइप करायची. शिवाय ते फाँटही डी ड्राइव्हवरच होते.

पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलंय : ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’. पुढच्या बाजूला त्याच डेटाच्या बॅकअपचे पैसे. दोन्हींपैकी एकच खरं असू शकतं. जबाबदारी माझी असेल तर ते पैसे कसले, आणि पैसे घेतलेत तर जबाबदारी तुमची. भरपाई म्हणून केंद्राने वर्षभराचा अँटिव्हायरस फुकट देऊ केला. घरफोडीनंतर कुलूप भेट देण्यातला हा प्रकार, मी नाकारला आहे.

बॅकअपचे आणि इन्स्टॉलेशनचे पैसे परत करावेत. मी निवडेन त्या डेटा रिकव्हरी लॅबचा खर्च, फाइली मिळोत न मिळोत, कंपनीने द्यावा. ज्या स्मरणिका पुन्हा टाइप कराव्या लागतील त्यांची मजुरीही द्यावी; हिशोब मी पाठवीन. आणि यापुढे पार्टिशन डिलीट करण्यापूर्वी बॅकअपमधल्या फाइली ग्राहकाला उघडून दाखवून त्याची सही घ्यावी, असा लेखी आदेश केंद्राला जावा.

१५ दिवसांत लेखी उत्तर हवं, फोन नको. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करीन. या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे मला पुण्याला यावं लागणार नाही. तुम्हाला मात्र इंदूरला यावं लागेल.

लॅपटॉप मी बंद ठेवला आहे, लॅबमध्ये जाईपर्यंत त्यावर नवं काही लिहिलं जाऊ नये म्हणून. तोवर काम भाड्याच्या मशीनवर चाललं आहे, त्याच्या पावत्याही हिशोबात येतील.

आपली,
एक ग्राहक, रामबाग, इंदूर

सोबत : जॉब शीट, बिल (दोन्ही बाजू) आणि ‘बॅकअप’ फोल्डरचे स्क्रीनशॉट